दोन वर्षांचे मास्तर

टांझानियात तास सूर्योदयापासून मोजतात. घड्याळात सकाळचे सात वाजले की बोलण्यात ‘सा मोजा’ होतो, म्हणजे एक वाजला. दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहा. नव्याने रुजू झालेल्या परदेशी शिक्षकाला मुख्याध्यापकांनी ‘उद्या एकला या’ असं सांगितलं, तर त्याने सकाळी सातला शाळेच्या आवारात उभं असावं अशी अपेक्षा असते. पहिल्या आठवड्यात या हिशेबात गडबड हमखास होते.

तो सातला पोहोचतो तेव्हा मुलांचा दिवस कधीच सुरू झालेला असतो. खेड्यातल्या सरकारी माध्यमिक शाळेत झाडलोटीला वेगळं माणूस सहसा नसतं. फॉर्म वन आणि टूची, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या दोन वर्षांची, मुलंमुली काड्यांच्या झाडूने तांबड्या मातीचं आवार लोटून काढतात, काही जण पिवळ्या कॅनमधून पाणी आणतात. मग झाडाला टांगलेल्या गाडीच्या जुन्या रिमवर लोखंडी कांब आपटते आणि सगळे रांगांत उभे राहतात. झेंडा, राष्ट्रगीत, सूचना. त्या आठवड्याचा पाळीचा शिक्षक, म्हणजे ‘म्वालिमू वा झामू’, नखं, बूट आणि केस पाहत फिरतो. केस मुलींचेही बारीक कापलेले असतात.

वाटेत जो भेटेल त्याला मुलं ‘शिकामो’ म्हणतात. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार आहे आणि त्याला ‘मराहाबा’ हे एकच उत्तर आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या परदेशी पोराला दिवसातून शंभर वेळा ‘मराहाबा’ म्हणावं लागतं. पण फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला मात्र ‘शिकामो’ त्याने म्हणायचं असतं. इंग्रजी कितीही झाडलं तरी हे चुकलं की गावात बोभाटा होतो.

शिक्षकांच्या खोलीत हजेरीच्या वहीत सही करायची, येण्याची वेळ लिहायची. भिंतीवर हाताने आखलेलं वेळापत्रक असतं. स्वाहिली, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र या विषयांसमोर नावं भरलेली असतात. गणित आणि भौतिकशास्त्राच्या चौकटींत एकतर एकच नाव चार वर्गांना पुरवलेलं असतं किंवा काहीच नसतं. परदेशी स्वयंसेवकाला त्या शाळेत जागा मिळते ती या रिकाम्या चौकटींमुळे.

या चौकटी रिकाम्या का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला, १९६४ मध्ये झांझिबारशी जोडला गेला आणि टांझानिया हे नाव आलं. देशाचा पहिला नेता ज्युलियस न्येरेरे स्वतः माध्यमिक शाळेतला मास्तर. लोक त्यांना आजही ‘म्वालिमू’ म्हणतात. एडिंबरोहून पदवी घेऊन आलेल्या या माणसाने शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ स्वाहिलीत आणलं आणि १९६७ मध्ये ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हे धोरण लिहिलं. बहुतेक मुलं प्राथमिक शाळेच्या पुढे जाणार नाहीत, तेव्हा ती शाळा स्वतःत पूर्ण असली पाहिजे आणि तिला स्वतःचं शेत असलं पाहिजे, असा त्याचा गाभा होता. गांधीजींनी वर्ध्यात १९३७ मध्ये मांडलेली नई तालीम ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात ओळखीचं बरंच सापडेल. शाळेचं शेत, ‘शांबा’, आजही अनेक ठिकाणी आहे. तिथला मका आणि घेवडा मुलांच्या दुपारच्या जेवणात येतो.

प्राथमिक शिक्षणावर भर दिल्याने माध्यमिक शाळा मोजक्याच राहिल्या. २००१ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द झाली, मुलांचा लोंढा आला, आणि काही वर्षांत तो माध्यमिकच्या दारात येऊन धडकला. २००४ पासून सरकारने प्रत्येक ‘काटा’मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या गणासारख्या छोट्या विभागात, माध्यमिक शाळा उभारायचा धडाका लावला. गावकऱ्यांनी विटा भाजल्या, भिंती बांधल्या. हजाराच्या आसपास असलेल्या माध्यमिक शाळा दशकाच्या आत चार हजारांच्या पुढे गेल्या. इमारती वर्षात उभ्या राहतात, गणिताचा शिक्षक तयार व्हायला मात्र पंधरा-वीस वर्षं लागतात. २०१२ च्या फॉर्म फोर परीक्षेत सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांना ‘डिव्हिजन झीरो’ मिळाली, म्हणजे सरळ नापास. देश हादरला, पंतप्रधानांनी चौकशी समिती नेमली आणि तो निकाल रद्द करून नव्याने लावावा लागला.

परदेशी शिक्षक मागवणं ही इथली जुनी रीत आहे. १९६१ मध्ये ‘टीचर्स फॉर ईस्ट आफ्रिका’ या योजनेतून अमेरिकन आणि ब्रिटिश शिक्षक टांगानिका, केनिया, युगांडात आले. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पीस कोअर हे स्वयंसेवकांचं दल स्थापन केलं. ३० ऑगस्टला त्याची पहिली तुकडी घानाची राजधानी अक्रा इथे उतरली ती शिक्षकांचीच होती. ब्रिटनची अशीच संस्था, व्हीएसओ, त्याआधी, १९५८ मध्ये सुरू झाली होती. जपानने १९६५ मध्ये स्वतःचे स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली. त्याही आधी ब्रिटिश अमलात गोव्याहून गेलेले कारकून आणि शिक्षक झांझिबार, नैरोबी, दारेसलामला स्थिरावले होते. ते पोटासाठी गेले आणि राहिले. नव्या स्वयंसेवकाची गोष्ट वेगळी: त्याच्या परतीची तारीख येण्याआधीच ठरलेली असते.

पीस कोअरमध्ये ही मुदत सत्तावीस महिन्यांची आहे. पहिले तीन महिने एखाद्या कुटुंबात राहून स्वाहिली शिकायची, पुढची दोन वर्षं शाळा. पगार नाही, गावात साधेपणाने राहता येईल एवढा निर्वाहभत्ता. यात एक मेख आहे. पहिली सहामाही शाळा कळण्यात जाते, शेवटची सहामाही निरोपाच्या तयारीत. मधलं एक वर्ष खरं हाती लागतं.

आता वर्गात जाऊ. मूल प्राथमिक शाळेत सात वर्षं सगळं स्वाहिलीत शिकतं आणि फॉर्म वनच्या पहिल्या दिवशी माध्यम इंग्रजी होतं. काल ज्या आकृतीला ‘पेंबेताटू’ म्हटलं ती आज ‘ट्रँगल’ होते. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रजीच्या उजळणीला राखलेले असतात, पण सात वर्षांची भाषा काही आठवड्यांत बदलत नाही. स्थानिक शिक्षक व्याख्या इंग्रजीत लिहून देतात आणि समजावतात स्वाहिलीत. परदेशी मास्तरला ती सोय नसते. तो फळ्यावर समीकरण सोडवतो, वळून विचारतो, ‘डू यू अंडरस्टँड?’ साठ-सत्तर गळ्यांतून एका सुरात ‘येस, टीचर!’ येतं. शुक्रवारी दहा गुणांची चाचणी घेतली की त्या ‘येस’ची किंमत कळते. चार-पाच वह्यांवर बरोबर उत्तरं, काहींवर प्रश्नच सुबक अक्षरात पुन्हा उतरवलेला, बाकी कोरं.

इथे दोन प्रकारचे मास्तर वेगळे होतात. एक म्हणतो, मुलांना इंग्रजी येत नाही, मी काय करू. दुसरा बाजारात, विहिरीवर, चहाच्या टपरीवर स्वाहिली गोळा करायला लागतो. चहा ‘चाय’च आहे, पोळी ‘चापाती’ आहे, दुकान ‘दूका’ आहे, पैसा ‘पेसा’ आहे. हिंदी महासागरातल्या व्यापाराने एवढी उधारी तयार ठेवली आहे. सहा महिन्यांत अपूर्णांक स्वाहिलीत समजावता येऊ लागले की वर्ग बदलतो. शाळेच्या भिंतीवर ‘फक्त इंग्रजीत बोला’ अशी पाटी असते आणि मुख्याध्यापकांनी त्याला घेतलेलं असतं ते इंग्रजीसाठीच. तरीही चांगले स्वयंसेवक ती पाटी सोयीपुरती विसरतात.

दुसरा पेच नोट्सचा. पाठ्यपुस्तकं पुरेशी नसतात, म्हणून शिक्षक फळ्यावर पानंच्या पानं लिहितो आणि मुलं उतरवून घेतात. ती वही हेच पुस्तक, तीच परीक्षेची शिदोरी. अमेरिकेतून किंवा ब्रिटनमधून आलेला तरुण खेळ, गट, चर्चा असं डोक्यात घेऊन येतो. चाळीस मिनिटांचे दोन तास जोडून मिळालेली ऐंशी मिनिटं तो दोरी, खडे, बाटलीची बुचं घेऊन रंगवतो. तास संपता संपता मागच्या बाकावरून हात वर होतो: ‘सर, नोट्स?’ मुलाचा प्रश्न रास्त असतो. नोव्हेंबरात नॅशनल एक्झामिनेशन्स कौन्सिलचा पेपर येणार आहे, दोरी आणि खडे येणार नाहीत. टिकणारे मास्तर मधला मार्ग काढतात: आधी फळाभर नोट्स, मग खेळ. फळा भरायला वर्गातल्या चांगल्या अक्षराच्या मुलीला उभं केलं की तेवढ्या वेळात त्यांना बाकांमधून फिरून वह्या बघता येतात.

या सगळ्यात स्वयंसेवकांनी मागे ठेवलेली एक ठोस गोष्ट म्हणजे बिनपैशाची प्रयोगशाळा. फॉर्म फोरला रसायनशास्त्राचा प्रात्यक्षिक पेपर असतो आणि त्यात टायट्रेशन, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून मिसळणं, ठरलेलं. त्यासाठीच्या काचेच्या ब्यूरेट, म्हणजे रेघा आखलेल्या नळ्या, खेड्यातल्या शाळेला परवडत नाहीत, आणल्या तर फुटतात. टांझानियातल्या पीस कोअर शिक्षकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या युक्त्यांमधून स्थानिक वस्तूंनी विज्ञान शिकवायची हस्तपुस्तिका तयार झाली. त्यातला एक तास असा चालतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचे तळ कापून चंचुपात्रं केलेली. आम्ल म्हणून गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, जे शिक्षकाने आधीच जपून पातळ करून आणलंय. आम्लारी म्हणून सोड्याचं द्रावण. निर्देशक म्हणून ‘रोझेला’ची लालभडक बोंडं गरम पाण्यात कुस्करून काढलेला रंग, ही आपली लाल अंबाडी, टांझानियात तिचं सरबत घरोघर होतं. सोड्याच्या द्रावणात तो रंग टाकला की हिरवट छटा येते. औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज आम्लाने भरायची आणि थेंब थेंब सोडायची. एक मुलगा बाटली हलवतो, दुसरी मुलगी सिरिंजच्या रेघा मोजते. शेवटच्या एका थेंबाला हिरवट रंग जातो आणि गुलाबी येतो. ‘थांब!’ असा एकच ओरडा होतो, आणि लगेच वाद: सहा रेघा की साडेसहा? मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे जवळ आले की सरासरी वहीत. परीक्षेत खरी ब्यूरेट समोर आली तरी हात थरथरत नाही, कारण कृती तीच आहे.

प्रयोगात रमलेल्या मास्तरला शेजारच्या वर्गातून छडीचा आवाज येतो. टांझानियात शाळेत छडी मारणं कायदेशीर आहे. नियम सांगतो की चारपेक्षा जास्त फटके नकोत, अधिकार मुख्याध्यापकांचा किंवा त्यांनी लेखी परवानगी दिलेल्या शिक्षकाचा, आणि प्रत्येक शिक्षेची वहीत नोंद हवी. प्रत्यक्षात वही मागे पडते. परदेशी मास्तर छडी उचलत नाही, तर मुलं त्याच्या वर्गात सैल सुटतात. सहकारी म्हणतात, तुमच्या तासाचा गलका आमच्या वर्गापर्यंत येतो. त्याने शिक्षकांच्या खोलीत मानवी हक्कांवर व्याख्यान दिलं तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापुरता चहा थंड होतो. दोन वर्षं काढलेले बहुतेक जण हळूहळू एक गोष्ट शिकतात: गृहपाठ न केलेल्या मुलाला पहाटे कुठे जावं लागलं, हे आधी विचारायचं. उत्तर बहुधा पाणी, गुरं किंवा धाकटं भावंड असतं. छडी त्यामुळे शाळेतून जात नाही. एका वर्गापुरती ती लागत नाही एवढं दिसतं, आणि शेजारचा एखादा तरुण शिक्षक ते पाहून ठेवतो.

मुलींच्या बाबतीत अडचणी आणखी खोल. शाळा लांब, वाट सुनसान, पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहाची पंचाईत. गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेत परत घेत नसत. ही बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये, सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर उठली. महिला स्वयंसेवक शाळा सुटल्यावर मुलींचे गट चालवतात, कापडी पॅड शिवायला शिकवतात. गणितापेक्षा याच तासाला गर्दी जास्त असते असं घडतं.

शाळा सुटली तरी मास्तरपण सुटत नाही. घरी नळ असेलच असं नाही. पिंप भरायचं, कोळशाची शेगडी, ‘जिको’, पेटवायची. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, घेवडा आणि ‘म्चिचा’, म्हणजे माठाची भाजी, हे रोजचं ताट. बाजारात पैसे मोबाइलवरून चुकते होतात. व्होडाकॉमचं एम-पेसा २००८ पासून इथे आहे आणि खेड्यातली भाजीवालीही त्यावर पैसे घेते. मास्तर किती टोमॅटो घेतो आणि कुणाशी बोलतो हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. गोरा असेल तर लहान मुलं ‘म्झुंगू’ म्हणत मागे लागतात. भारतीय वंशाचा असेल तर ‘म्हिंदी’ ठरतो, आणि म्हिंदी म्हणजे दुकानदार अशी पिढ्यांची समजूत असल्याने, हा माणूस खडू घेऊन वर्गात कसा, याचं लोकांना नवल वाटतं.

या कामातून घडलेल्या माणसांची यादी रंजक आहे. नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज १९८३ ते १९८५ स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत, गणित शिकवत होते. कादंबरीकार पॉल थेरू १९६३ मध्ये न्यासालँडला शिक्षक म्हणून गेले. तो देश मलावी झाला आणि सरकारविरोधकाला मदत केल्यावरून १९६५ मध्ये त्यांना तिथून बाहेर काढण्यात आलं. पत्रकार पीटर हेसलर १९९६ मध्ये चीनमधल्या यांगत्से काठच्या फुलिंग गावी अध्यापक महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला गेले. त्यांचे विद्यार्थी पुढे खेड्यापाड्यांत शिक्षक झाले. हेसलर दोन वर्षांत निघाले, पण त्यांच्या हाताखालून गेलेले शिक्षक दशकानुदशकं वर्गात उभे राहिले. या तिघांच्या चरित्रांत शाळेचा उल्लेख सन्मानाने येतो. शाळांच्या चरित्रात या तिघांचं काय उरलं, हे विचारलं तर हेसलर यांचं पारडं जड ठरतं, कारण त्यांनी शिक्षक घडवले.

हाच निकष थोडक्या मुदतीच्या स्वयंसेवेला लावला की चित्र केविलवाणं होतं. किलिमांजारोच्या पायथ्याशी आणि सेरेंगेटीच्या वाटेवर असलेल्या आरुशा-मोशी पट्ट्यात दोन-तीन आठवड्यांसाठी येणाऱ्यांची रीघ असते. ते कंपनीला पैसे भरून येतात, सकाळी बालवाडीत इंग्रजी गाणी घेतात, शनिवारी सफारीला जातात. पुढच्या पंधरवड्यात नवी तुकडी येते आणि पुन्हा तीच गाणी घेते. अनाथाश्रमांचा धंदा याहून वाईट. आईबाप असलेली मुलं पाहुण्यांसाठी तिथे आणून ठेवल्याची उदाहरणं अनेक देशांत उघड झाली आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या व्यापाराची दखल घेतली. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्येच, मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं की बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका.

इलिच यांचा राग दोन वर्षं राहणाऱ्यांवरही होताच. दोन वर्षांच्या कामातून मागे काय उरतं, याची कसोटी मार्च २०२० मध्ये लागली: करोनामुळे पीस कोअरने साठहून अधिक देशांतले सुमारे सात हजार स्वयंसेवक काही दिवसांत माघारी नेले. सत्राच्या मध्यात वर्ग मोकळे झाले. ज्या शाळांत परदेशी मास्तर स्थानिक शिक्षकाबरोबर जोडीने शिकवत होता, सिरिंज-बाटल्यांचा संच त्या स्थानिक शिक्षकाच्या कपाटात होता, तिथे शाळा उघडल्यावर काम पुढे सरकायला वाट होती. जिथे तो एकटाच गणिताचा धनी होता, तिथे चौकट पुन्हा रिकामी.

महाराष्ट्रातून असा विचार करणारे तरुण आणि निवृत्त शिक्षकही आता दिसतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी कोरड्या पण महत्त्वाच्या आहेत. टांझानियात पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही. स्वयंसेवकाला ‘क’ वर्गाचा निवासी परवाना लागतो आणि त्याची फी भरावी लागते. संस्थेला चार प्रश्न विचारावेत: शाळेने शिक्षक मागितला आहे का, कोणत्या विषयाचा, आपल्याबरोबर वर्गात स्थानिक शिक्षक कोण असेल, आणि आपण निघाल्यावर तो तास कुणाच्या नावावर लागेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर विमानाचं तिकीट थांबवलेलं बरं. निवृत्त मराठी शिक्षकाकडे एक गोष्ट तरुण अमेरिकनापेक्षा जास्त असते: साठ मुलांचा वर्ग, फुटका फळा आणि माध्यम बदलताना अडखळणारी मुलं त्याने आयुष्यभर पाहिलेली असतात.

दरम्यान टांझानियाचं गणित पुन्हा बदलतं आहे. नव्या धोरणानुसार प्राथमिक टप्पा सात वर्षांवरून सहा वर्षांवर येतोय आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांचं होतंय. त्यामुळे २०२७ च्या अखेरीस जुन्या क्रमाची सातवी आणि नव्या क्रमाची सहावी एकाच वेळी प्राथमिक शाळेतून बाहेर पडेल. जानेवारी २०२८ मध्ये दोन वर्षांची मुलं एकदम फॉर्म वनला येतील. शाळांत नव्या वर्गखोल्या बांधल्या जात आहेत, सरकार शिक्षकांची भरती करतं आहे. मुख्याध्यापकांना त्या जानेवारीचं वेळापत्रक आखताना सगळ्यात आधी गणित आणि भौतिकशास्त्राच्या चौकटींत नावं शोधावी लागणार आहेत, आणि २०२६ मध्ये रुजू होणाऱ्या स्वयंसेवकाची मुदत तेव्हा संपत आलेली असेल.